तिकडे

हुकमाची नक्कल हातात आली तेव्हा मी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभा होतो. धाकट्या बहिणीने वकिलांकडून आणलेला कागद मला वाचायला दिला. त्यात एक ओळ होती: ‘अज्ञान मुलीचा ताबा पुढील आदेशापर्यंत अर्जदार आईकडे राहील.’ बहिणीने ही ओळ वाचून डोळे पुसले. तिच्या बाजूने लागली होती ना. मी मात्र त्या एका शब्दाशी अडखळलो.

मी तलाठी आहे. बावीस वर्षं ‘ताबा’ हा शब्द लिहितोय. जमीन विकली की ताबा द्यायचा, ताबा पावती करायची. वाद झाला की बांधावर जायचं, शेजारचे चार पंच बोलवायचे आणि विचारायचं, पेरतं कोण, पाणी कोण धरतं, पीक कोण नेतं. त्यावरून ताबा कुणाचा ते पंचनाम्यात लिहायचं. चोरीचा माल पोलीस ताब्यात घेतात, आरोपीला ताब्यात घेतात. आणि आता माझ्या बहिणीची सहा वर्षांची चिमू, जिचं जावळ माझ्या मांडीवर उतरवलं, तीही ताब्यात.

दुसरा शब्द ‘अज्ञान’. तो तर माझ्या रोजच्या कामातला. अठरा वर्षं पुरी न झालेल्याला कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणतात. बाप गेला की वारस नोंदीला विधवा बाई येते, लेकरं हाताशी धरून. सातबाऱ्यावर मुलांची नावं लागतात आणि पुढे तीन अक्षरं, अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचं नाव. कितीतरी नोंदी मी अशा केल्या. पण एका मुलाला आम्ही अज्ञान का म्हणतो, हे थांबून कधी पाहिलं नव्हतं. चिमूने पाहायला लावलं.

हुकमात भेटीची वेळ होती. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५. सुरुवातीचे सहा महिने कौटुंबिक न्यायालयात, समुपदेशकांच्या शेजारच्या खोलीत. त्यानंतर वडील मुलीला बाहेर नेऊ शकतील. बहिणीला दाजींसमोर उभं राहवत नव्हतं, दाजींना तिच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून पोचवायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. साडेतीन वर्षं मी ते केलं.

त्या खोलीत एक घसरगुंडी होती, प्लॅस्टिकची, लाल, खालचा कडा तुटलेली. भिंतीवर ससा रंगवलेला. दाजी एमआयडीसीत रात्रपाळी करून यायचे, डोळे तारवटलेले, हातात केळ्यांची पिशवी. पहिल्या शनिवारी चिमू माझ्या मागे लपली. दाजी खाली बसले, फरशीवर, आणि काही न बोलता केळं सोलायला लागले. केळ्याच्या शिरा ती खात नसे. त्यांनी एकेक शीर काढून सालीवर ठेवली. पाचव्या मिनिटाला चिमू माझ्या पायामागून बाहेर आली. मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. त्या बाकावर माझ्यासारखे आणखी तिघे असायचे: एक आजोबा, एक मावशी, एक काका. आम्ही एकमेकांना नावं विचारली नाहीत. पाच वाजले की सगळे एकदम उठायचो.

खटल्याच्या निमित्ताने कायदा वाचला. सरकारी नोकरीत अधिनियम वाचायची सवय असतेच. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आहे, इंग्रजांच्या काळातला. आणि हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम. त्याचं सहावं कलम सांगतं की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. त्यालाच जोडून येतं की पाच वर्षं पुरी न झालेलं मूल साधारणपणे आईजवळ असावं. चिमू सहाची होती, त्यामुळे हा आधार आम्हाला नव्हता. आमच्या वकीलबाईंनी सगळी भिस्त तेराव्या कलमावर ठेवली. त्यात म्हटलंय की पालक नेमताना मुलाचं कल्याण सर्वांत वर. बापाचा हक्क, आईचा हक्क, सगळं त्याच्या खाली.

हे कलम मला फार मोठं वाटतं. इतक्या वर्षांत जमिनीच्या एकाही कायद्यात असं वाचलं नाही की जमिनीचं भलं कशात आहे ते आधी बघा. रोझी जेकब नावाच्या बाईंच्या खटल्यात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की मुलं ही मालमत्ता नव्हेत आणि आईबापांची खेळणीही नव्हेत. पन्नास वर्षं उलटली त्याला. शब्द मात्र ताबाच राहिला, आणि शब्द तोच राहिला की माणसं वागतातही तशीच. पंचनाम्याला उभं राहिल्यासारखी. मुलीला डबा कोण देतं, शाळेत कोण सोडतं, ताप आला तेव्हा रात्र कुणी जागवली. आम्हीही हे सगळं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं, अगदी पेरणी आणि पाणीपट्टीसारखं.

जुन्या कायद्याच्या सतराव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. मूल समजून उमजून आवड सांगण्याच्या वयाचं असेल तर न्यायालय ती आवड विचारात घेऊ शकतं. हे कळल्यापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते आठवलं की आजही मान खाली जाते. माझी आई चिमूला ओट्याजवळ उभं करून घोकून घ्यायची. ‘बाईंनी विचारलं तर काय सांगशील? मला आईकडेच राहायचंय.’ चिमू म्हणायची, ‘मला आईकडेच राहायचंय.’ मग शेंगदाण्याचा लाडू मिळायचा. वकीलबाईंनी बजावलं होतं, पोरीला काही पढवू नका. आई म्हणाली, पढवतोय कुठे, खरं तेच सांगतोय.

पुढे एका तारखेला समुपदेशक बाईंनी दोन्ही घरांना एकाच टेबलाशी बसवलं. आम्ही इकडून, दाजी आणि त्यांची आई तिकडून. बाई म्हणाल्या, ‘मी मुलीला एवढंच विचारलं, तुला काय आवडतं? ती एका दमात म्हणाली, मला आईकडेच राहायचंय, मला बाबांकडेच राहायचंय. आणि मग मला विचारलं, आता लाडू?’

टेबलाशी कुणी बोललं नाही. माझी आई पदराच्या टोकाकडे बघत राहिली. पलीकडे दाजींची आईही तशीच. त्या दोघी म्हाताऱ्या त्या क्षणी बहिणी बहिणी वाटल्या मला.

नंतर न्यायाधीश बाईंनीही चिमूला आपल्या दालनात एकटीला बोलावलं. दहा-पंधरा मिनिटं. ती काय बोलली ते आजतागायत आम्हाला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलं नाही. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली की त्यांच्या टेबलावर काचेचा गोळा आहे आणि त्यात फूल आहे.

मी विचारलं नाही असं लिहिलं, पण विचारू नये हे कळायला माझ्या हातून एक गोष्ट घडावी लागली. ती सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

सहा महिने संपले होते. आता भेट बाहेर होत होती. एसटी स्टँडवर चौकशी खिडकीजवळ मी चिमूला दाजींच्या हवाली करायचो, पाचला तिथूनच घ्यायचो. एका शनिवारी परत येताना ती स्कूटरवर पुढे उभी होती. मी सहज विचारलं, ‘काय केलं गं दिवसभर?’ ती म्हणाली, ‘बाबा झोपले होते. आजीने टीव्ही लावून दिला.’ एवढंच. मी घरी बहिणीला सांगितलं. बहिणीने वकीलबाईंना फोनवर सांगितलं. आणि भेटीची वेळ कमी करावी असा अर्ज करायचाच होता, त्यात तिसऱ्या परिच्छेदात दाजींना जाबदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, म्हणून ते आलं: ‘जाबदार हे भेटीच्या वेळी झोपून असतात व मुलीकडे लक्ष देत नाहीत.’ खाली सत्यप्रतिज्ञेवर बहिणीची सही.

रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस दुपारी दोन तास झोपला होता. तेही, नंतर कळलं, मुलीला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या.

पुढच्या शनिवारी स्टँडवर दाजींनी चिमूला कडेवर घेतलं आणि अगदी हळू विचारलं, ‘पिल्ला, मी झोपलो होतो हे तू सांगितलंस का?’ रागावून नव्हे. त्यांना नुसतं जाणून घ्यायचं होतं. चिमूने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. काहीतरी हिशेब लागल्यासारखं ते बघणं होतं, की आपण स्कूटरवर जे बोलतो ते कुठे जातं.

त्या दिवसापासून दोन वर्षं माझ्या ‘काय केलं गं’ला एकच उत्तर मिळालं. ‘काही नाही. छान.’ दाजींनाही तेच मिळत होतं, हे मला फार उशिरा कळलं. सात वर्षांच्या पोरीने ठरवून टाकलं होतं की एका घरातला शब्द दुसऱ्या घरात न्यायचा नाही. आणि तिच्या नावापुढे कागदावर आम्ही लिहीत होतो, अज्ञान.

आणखी एक चूक, तीही आमचीच. पोटगीचे तीन हप्ते थकले होते. बहीण म्हणाली, पैसे नाहीत तर भेटही नाही. मला पटलं. त्या शनिवारी आम्ही चिमूला पाठवलंच नाही. सोमवारी वकीलबाईंनी दोघांना समोर बसवून झापलं. पोटगी थकली तर वसुलीची दरखास्त लावा, मी उद्या लावते. पण भेट हा दाजींना दिलेला मोबदला आहे का? तो पोरीचा हक्क आहे, तिच्या बापाला बघण्याचा. तुम्ही तिच्या खिशातून पैसे काढले. पुढे वाचलं तेव्हा दिसलं, यशिता साहू खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलंय, की मुलाला दोघांचंही प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि जिथे प्रत्यक्ष भेट शक्य नाही तिथे निदान व्हिडिओ कॉलवर बोलणं तरी असावं. आमच्या वकीलबाई मात्र ते निकालातून शिकल्या नव्हत्या. त्यांच्याकडे बावीस वर्षांच्या तारखा होत्या.

त्या शनिवारी दाजी स्टँडवर दीड तास उभे होते. चौकशी खिडकीतल्या माणसाने मला नंतर सांगितलं.

चिमूची एक सवय माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. ती कधी ‘बाबांकडे’ म्हणायची नाही. म्हणायची ‘तिकडे’. तिकडे गोधडी जाड आहे. तिकडे मांजरीला पिल्लं झाली. आम्हाला वाटायचं, बरोबर आहे, बापाचं घर म्हणजे तिकडे, हे घर म्हणजे इकडे. मग एकदा स्टँडवर बस उशिरा होती म्हणून दाजी आणि मी पहिल्यांदाच दोन वाक्यं बोललो. ते म्हणाले, ‘दादा, तिकडे पेरूचं झाड आहे का हो दारात? चिमू सांगत होती, तिकडचे पेरू गोड आहेत.’ पेरूचं झाड आमच्या दारात आहे.

म्हणजे आमचं घरही तिकडेच. तिने दोन घरांत मिळून एकदाही ‘इकडे’ म्हटलं नव्हतं. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आठवून बघितलं. नाही म्हटलं.

चार वर्षांनी भांडायची ताकद दोन्हीकडे संपली. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज झाला. त्यात सहा महिने थांबण्याची अट असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर न्यायालय योग्य प्रकरणात ती माफ करू शकतं. आमच्याकडे ती माफ झाली, कारण वेगळं राहून वर्षं उलटली होती आणि ठरवण्यासारखं सगळं ठरलं होतं. ताबा आईकडे. अर्धी उन्हाळ्याची सुट्टी वडिलांकडे. दिवाळीत पाडवा वडिलांकडे, भाऊबीज आईकडे. हे दिवाळीचं कलम वकीलबाईंनी घातलं. म्हणाल्या, हे लिहून ठेवलं नाही तर दर वर्षी आकाशकंदिलाखाली भांडण.

संमतीच्या त्या कागदानंतर वाटलं, सुटलो. मग बहीण चिमूच्या नावाने बँकेत खातं उघडायला गेली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, वडिलांची सही? तिने हुकूम दाखवला. तो म्हणाला, हा ताब्याचा आहे, पालकत्वाचा कुठे आहे? बहीण रडवेली होऊन परत आली. माझ्यापुढे मात्र एकदम सगळं उजळलं, कारण हाच प्रश्न मी स्वतः कितीदा बायकांना विचारला होता. नवरा हयात आहे, घर सोडून गेलाय, बाई म्हणते अ. पा. क. म्हणून माझं नाव लावा, आणि मी म्हणायचो, वडील जिवंत आहेत ना?

ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळं. मुलगी कुणाजवळ झोपते ते ताबा. तिच्या वतीने सही कुणी करायची, तिची जमीन कुणी सांभाळायची, ते पालकत्व. आणि कलमात ‘बाप, त्याच्यानंतर आई’ असं आहे. त्या ‘नंतर’वर दोन निकाल आहेत, ते प्रत्येक खिडकीमागच्या माणसाने वाचायला हवेत. पहिला जिजाबाई गजरे यांचा, १९७० चा, आपल्या विदर्भातल्या शेतजमिनीचा. आईबाप कित्येक वर्षं वेगळे राहत होते, मुलीची जमीन आई बघायची, आईनेच ती कुळाला वहिवाटीला दिली. प्रश्न आला, बाप जिवंत असताना आईला तो अधिकार होता का? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाप जिवंत असला तरी त्याने मुलीकडे पाहिलंच नाही, तेव्हा तो नसल्यासारखाच. आईच नैसर्गिक पालक. माझ्या खात्यातला, सातबाऱ्याचा हा निकाल, आणि बावीस वर्षांत मला तो कुणी सांगितला नव्हता.

दुसरा गीता हरिहरन यांचा. लेखिका आहेत त्या. १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर वडिलांची सही मागितली. नवराबायकोत भांडणही नव्हतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं की पालक म्हणून आई सही करेल. निकाल १९९९ मध्ये लागला. न्यायालयाने सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यानंतर असं नाही, तर बाप जिथे कारभार बघत नाही तिथे. पंधरा वर्षं लागली एका शब्दाचा अर्थ लावायला. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात सुचवलं की आई आणि बाप दोघांना बरोबरीने पालक म्हणा. कलमाचे शब्द मात्र १९५६ चेच आहेत. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, असा शासनाचा निर्णय झालाय. चांगलं आहे. पण नावातली जागा मिळाली म्हणून खिडकीवरची सही आपोआप मिळत नाही.

बहिणीला मी दोन्ही निकालांच्या प्रती काढून दिल्या. तिसऱ्या खेपेला खातं उघडलं. आणि माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, नवऱ्याने सोडलेल्या दोन बायकांच्या नोंदी मी त्या महिन्यात मंडळ अधिकाऱ्यांकडे टिपण जोडून पाठवल्या. त्यातली एक बाई आधी तीनदा येऊन गेली होती. तीनदा मीच परत पाठवली होती.

गेल्या वर्षी श्रावणात दाजींची आई गेली. रविवार होता, म्हणजे हुकमातला दिवस नव्हता. दाजींचा फोन मला आला, बहिणीला नाही. ते फक्त म्हणाले, ‘आई गेली.’ पुढचं विचारायचा त्यांना धीर नव्हता. मी बहिणीकडे बघितलं. ती चिमूच्या कपाटापाशी गेली, दोन सुती ड्रेस काढले, एक टॉवेल, दातांचा ब्रश. म्हणाली, ‘दादा, तेराव्यापर्यंत राहू दे. शाळेचं मी बघते.’ तेरा दिवसांत किती शनिवार गेले ते कुणी मोजलं नाही.

चिमू आता तेरा वर्षांची आहे. परवाच्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी ती बॅग भरत होती. तिकडे आता आजी नाही, आणि तबक, निरांजन कुठल्या ट्रंकेत आहे ते दाजींना सापडत नव्हतं. पाडव्याला मुलगी बापाला ओवाळते. बहीण स्वयंपाकघरातून आली. हातात आमचं पितळी तबक होतं, घासून लख्ख केलेलं. त्यात कुंकवाची छोटी डबी, दोन सुपाऱ्या, अक्षता कागदाच्या पुडीत. तुपात भिजवलेली फुलवात तिने स्टीलच्या लहान डबीत ठेवली होती, सांडू नये म्हणून झाकणाला रबर लावून. सगळं तिने चिमूच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसवलं.

‘काड्यापेटी तिकडे असेल,’ चिमू म्हणाली.

‘असू दे, ही पण घे,’ बहीण म्हणाली, आणि काड्यापेटी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली.